चिमणीच्या दातांची चिक्की

हातातलं सगळं खाली ठेव. साल 1959, महिना मे, आणि तू आठ वर्षांची आहेस. नेरळच्या फलाटावर वळकटीवर बसली आहेस. पायात पांढरेशुभ्र मोजे आहेत. ते माथेरानपर्यंत असेच राहिले पाहिजेत असं आईने पहाटे गिरगावातून निघतानाच बजावलंय. ते राहणार नाहीत. वरची माती लाल आहे, आणि उद्यापर्यंत तुझ्या मोज्यांचा, फ्रॉकच्या घेराचा आणि नखांच्या कडांचा रंग एकच होणार आहे.

समोर छोटी गाडी लागली आहे. दोन रुळांमधलं अंतर फक्त 2 फूट. तुझे वडील एका ढांगेत ओलांडतील एवढं. इंजिन वाफेचं. दोन डब्यांच्या मध्ये ब्रेकवाले उभे राहतात. वर ड्रायव्हरने शिट्टी दिली की सगळे एकदम आपापली चाकं फिरवून ब्रेक आवळतात. ही गाडी आदमजी पीरभॉय यांच्या पैशांवर आणि त्यांचा मुलगा अब्दुल हुसेन याच्या चिकाटीवर उभी राहिली. 1904 मध्ये काम सुरू झालं, 1907 मध्ये ती धावली, 16 लाख रुपये लागले. तुला यातलं काही ठाऊक नाही. तुला फक्त खिडकी हवी आहे.

खिडकी मिळते, पण समोरच्या बाकावरही खिडकीला एक मुलगी आहे. तुझ्याच वयाची, दोन वेण्या, कानात रिंगा. गाडी जुम्मापट्टीच्या अलीकडे वळण घेते, कठड्यापलीकडची दरी दिसते आणि कोणीतरी ओरडतं, "बेबी, हात आत!" तू हात आत घेतेस. तीही घेते. तुम्ही एकमेकींकडे बघता. तुझ्या घरात तुला बेबी म्हणतात आणि तिच्या घरात तिला. हाक नेमकी कोणी मारली, तुझ्या आईने की तिच्या बाने, हे दोघींना कळत नाही. पुढच्या वळणावर तुम्ही मुद्दाम हात बाहेर काढता. एकदम.

गाडी इतकी हळू चढते की बाजूच्या झाडांची पानं मोजता येतील. डोंगर सरळ चढणं तिला जमत नाही. ती वळत जाते, पुन्हा वळते, मघाशी खाली दिसलेला रूळ पुन्हा खाली दिसतो. बोगदा एकच आहे. साहेबलोकांनी त्याला ‘वन किस टनेल’ म्हटलंय आणि मोठी माणसं ते नाव मुलांसमोर घेत नाहीत. ओरडायला तोंड उघडेपर्यंत तो संपतो. वॉटर पाइप स्टेशनात गाडी थांबते तेव्हा तिची बा एक डबा उघडते आणि तुझी आईही उघडते. दोन्ही डब्यांत गूळ, तूप आणि गव्हाच्या पिठाच्या वड्या. तिच्याकडच्या तुपाने ओल्या, तुझ्याकडच्या सुंठ घातलेल्या. बायका एकमेकींच्या डब्यांकडे बघतात, कौतुकाने बघतात, पण डबे पुढे होत नाहीत.

आता तुझ्या वडिलांकडे बघ. त्यांच्या हातात आचार्य अत्र्यांचा ‘मराठा’ आहे. समोर तिच्या बापूजींच्या हातात ‘मुंबई समाचार’. दोन्ही वर्तमानपत्रं जरा जास्तच उंच धरलेली. हे 1959 साल आहे. महाराष्ट्र नावाचं राज्य अजून नाही, गुजरातही नाही. 1 नोव्हेंबर 1956 पासून दोन्ही मिळून एकच मुंबई राज्य आहे आणि ते दोघांनाही नकोय. जानेवारी 1956 मध्ये मुंबईत गोळ्या चालल्या तेव्हा तू खूपच लहान होतीस. वडिलांनी तुला खिडकीतून ओढून आत घेतलं होतं, एवढं तुला आठवतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अहमदाबादेत विद्यार्थ्यांवर गोळ्या चालल्या, आणि तिच्या घरातही दिवसभर कोणी मोठ्याने बोललं नव्हतं. हे ती तुला नंतर सांगेल. पुढच्या वर्षी 1 मे रोजी दोन राज्यं होतील. आज डब्यात हे कोणालाच माहीत नाही. आज फक्त दोन भली माणसं, दोन वर्तमानपत्रांच्या मागे, एकमेकांशी काय बोलावं हे न सुचून गप्प बसलेली आहेत.

उतरल्यावर कळतं की दोन्ही कुटुंबांनी खोल्या घेतल्यात त्या एकाच ओळीत. मधली भिंत सामाईक, पुढचा व्हरांडा सामाईक. स्वयंपाकघरं मात्र दोन. इकडे स्टोव्हला पंप मारला जातो आणि तिकडे त्यांचा महाराज कढीला फोडणी देतो.

आणि आता नियम ऐक, कारण पुढचं सगळं या नियमांवर उभं आहे. तुझी आजी सोवळ्यातली. बाहेरचं शिजवलेलं तिला चालत नाही. बेकरीची बिस्किटं तर नाहीच, त्यात अंडं असेल. दुसऱ्या बेबीचं घर जैन. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही. मध नाही, म्हणून डोंगरातले लोक बाटल्यांतून जो मध विकायला आणतात त्याच्याकडे ती फक्त बघते. आणि सूर्य मावळला की काहीच नाही. तुझ्याकडचा रात्रीचा वरणभात तिला नाही, त्यांच्याकडच्या खाखऱ्याला तुझी आजी हात लावणार नाही. दोन घरांच्या ताटांचा मेळ घालायचा म्हटला तर जवळजवळ काहीच उरत नाही.

उरते ती चिक्की. विचार करून बघ. गूळ आणि दाणे; धान्य नाही, शिजवलेलं अन्न नाही, त्यामुळे आजीला एकादशीलाही चालते. कंदमूळ नाही, मध नाही, त्यामुळे बाला चालते. अंडं नाही. स्वस्त आहे, खिशात राहते, उन्हात वितळत नाही. माथेरानच्या बाजारात सगळ्यात जास्त काय विकलं जातं ते बघ आणि कोण विकत घेतंय तेही बघ: पारशी, बोहरी, भाटिया, कोकणस्थ, मारवाडी. मला मनापासून वाटतं की या डोंगरावर मुलांच्या ज्या काही मैत्र्या झाल्या असतील, त्यांत या एका पदार्थाचा वाटा मोठा आहे. कोणत्याही घरातला कोणताही मोठा माणूस तिला नाही म्हणू शकत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई म्हणते, "जा, खेळा. दिवेलागणीच्या आत या." एवढंच. गिरगावात रस्ता ओलांडताना तुझं मनगट तिच्या मुठीत असतं, ट्राम असते, व्हिक्टोरिया असते, लॉरी असते. इथे मोटार येत नाही. इथे माणसं ओढतात त्या रिक्षा आहेत, घोडे आहेत आणि पायवाटा आहेत. ठाण्याचा कलेक्टर मॅलेट 1850 मध्ये हा डोंगर चढून आला आणि साहेबांचं गाव वसलं, पण नंतरही मोटारगाडी वरच्या वाटांवर फिरकली नाही. म्हणून आठ वर्षांच्या दोन मुलींना इथे कोणी धरून ठेवत नाही. मुलांना सोडून देता येईल अशी जागा असली की मुलं ओळखी आपापल्या करून घेतात. मोठ्यांनी घडवून आणलेल्या ओळखीत मोठे बसलेले असतात.

बाजाराच्या तोंडाशी घोडे उभे असतात. त्यातल्या एका करड्या घोड्याचा लगाम एका मुलाच्या हातात आहे. दहा वर्षांचा असेल. अब्बांचे तीन घोडे, दोन मोठा भाऊ बघतो, हा त्याच्याकडे. तो तुमच्याशी मराठीत बोलतो, तिच्या बापूजींशी गुजराती, पारशिणींशी थोडं इंग्रजी आणि घोड्याशी हिंदी. घोडा रिकामा असेल तेव्हाच त्याला खेळायला वेळ असतो. गिऱ्हाईक आलं की डाव अर्धा टाकून जातो, पॅनोरमा पॉइंटपर्यंत चालत, घोड्याच्या बाजूने, आणि चालतच परत येतो. तू याला सुट्टी म्हणतेस. तो याला सीझन म्हणतो. दिवाळीचा एक आणि मेचा एक. जूनमध्ये पाऊस लागला की कोणी येत नाही, मग या महिन्यात कमावलेलं खायचं. तुझी मजा त्याच्या कामाच्या दिवसांत बसलेली आहे, हे तुला आज समजत नाही, पण तो अर्ध्यात उठून जातो तेव्हा तुला काहीतरी बोचतं.

चौथी तुमच्यात कधी आली ते कोणाला सांगता येणार नाही. ती ठाकरवाडीतून आईबरोबर पहाटे डोंगर चढून येते. टोपलीत करवंदं, विकायला पानांचे द्रोण. मॅलेट येण्याच्या कितीतरी आधीपासून ठाकर, कातकरी आणि धनगर या डोंगरात आहेत. तिला प्रत्येक जाळी माहीत आहे. ती फारशी बोलत नाही, नुसती हसते, आणि एक करवंद पुढे धरून विचारते, "कोंबडा का कोंबडी?"

हा खेळ तुला येतो. करवंद अर्धं चावायचं. आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी. आधी सांगायचं आणि मग चावून दाखवायचं. गाडीतल्या बेबीला हे माहीत नाही. ती कोंबडी म्हणते, लाल निघतं. पुन्हा कोंबडी म्हणते, पुन्हा लाल. चिडते. घोडेवाल्याचा मुलगा तिला सांगतो, "जास्त पिकलेलं घे, ते लाल असतं. मग कोंबडाच म्हण." चीक ओठांना चिकटतो, बोटांना चिकटतो.

एक दिवस त्याला बाजारातून सामान घरी आणायला सांगतात. सामान टेकवल्यावर आजी म्हणते, "पोराला काहीतरी द्या." ती स्वतःच चिक्कीची वडी उचलते. आजी मायाळू आहे, हे तुला ठाऊक आहे. ती व्हरांड्याच्या पायरीवर उभी राहते, तो खाली. तो ओंजळ पुढे करतो, आणि आजी वरून वडी सोडते. हाताला हात लागत नाही. त्याची ओंजळ आधीच योग्य ठिकाणी, योग्य उंचीवर होती. त्याला सवय आहे. तो मान लववून जातो. आजी आत येते आणि पुन्हा जपाला बसते.

दुसऱ्या दिवशी तूही त्याला चिक्की तशीच देतेस, वरून. कोणी शिकवलेलं नाही. हात आपोआप तेवढा वर जातो. तो ओंजळ धरतो आणि तुझ्याकडे बघतो. एकच क्षण. मग हात मागे घेतो. वडी लाल मातीत पडते. "मला नको," तो म्हणतो आणि घोड्याकडे जातो. त्या दिवशी तो खेळायला येत नाही. घोडा रिकामा असूनही.

अमेरिकेत गॉर्डन ऑलपोर्ट नावाच्या मानसशास्त्रज्ञाने याच्या पाचच वर्षं आधी, 1954 मध्ये, पूर्वग्रहांवर एक मोठं पुस्तक लिहिलं. वेगवेगळी माणसं नुसती एकत्र आल्याने मनं जुळत नाहीत, असं त्याने मांडलं. ती बरोबरीच्या नात्याने भेटली, एखादं काम त्यांनी मिळून केलं, आणि वरच्यांचा त्याला पाठिंबा असला, तर पूर्वग्रह कमी होतात. वरच्यांचा पाठिंबा तुला मिळणार नाही. बरोबरीही इथे नाही. एक घोड्यावर बसतो आणि एक लगाम धरून चालतो. उरलं मिळून करायचं काम. ते घोडेवाल्याच्या मुलानेच आणलं.

कारण पैशांचा हिशोब चौघांत त्याला सगळ्यात चांगला येतो. दोन वर्षांपूर्वी, 1 एप्रिल 1957 ला, नवे पैसे आले. जुने आणेही अजून चालतात आणि मोठी माणसं अजून गोंधळतात. चार आणे म्हणजे 25 नये पैसे. पण एक आणा म्हणजे 6. तो येतो, तुझ्याकडे न बघता बेबीला सांगतो, "एकदम चार आण्यांची चिक्की मागितली तर पंचवीस पैसे. चौघांनी एकेक आण्याची मागितली तर चोवीस. एक पैसा वाचतो." मग थांबून, "पण चार जण पाहिजेत."

तू आहेस. बेबी आहे. तो आहे. चौथी ठाकरवाडीची. ती दुकानात कधी गेलेली नाही. बाहेर टोपली घेऊन बसते. तिच्या मुठीत सहा पैसे देऊन तुम्ही तिला सगळ्यांत शेवटी पाठवता आणि तिघं दाराबाहेर उभे राहता.

दुकानाच्या मागच्या बाजूला चिक्की होतेय, तिकडे बघ. मोठ्या कढईत गूळ विरघळतोय. आधी पातळ, मग त्यावर बारीक फेस, मग फेस दाट होतो आणि रंग तांबूस होत जातो. बाजूला वाटीत पाणी. कारागीर उलथन्याच्या टोकावरून पाकाचा थेंब त्यात सोडतो, बोटांनी उचलतो आणि मोडून बघतो. वाकला तर अजून वेळ आहे, चिक्की दाताला चिकटेल. कट् असा आवाज आला की झालं. त्यानंतर थोडा जरी उशीर केला तरी कडवट. भाजून, सालं पाखडून, डाळ्या केलेले दाणे एकदम आत पडतात, दोन हात ढवळलं की सगळा गोळा तूप लावलेल्या ओट्यावर, आणि त्यावर लाटणं. भराभरा, कारण गार होत चाललंय. गरम असतानाच सुरीने उभ्या-आडव्या रेघा. वास इतका दाट की तो गिळता येईल असं वाटतं. पावसाळी हवेत याच वड्या सादळतात, म्हणजे हा सीझन चिक्कीचाही आहे.

ठाकरवाडीची बाहेर येते. तिच्या हातात वडी आहे, आणि आता ती हसत नाही, दोन्ही हातांनी धरून चालते. दुकानदाराला तुमचा डाव कळलाय. तो बघूनही काही बोलत नाही.

चार वड्या, चार प्रकारच्या: दाण्याची, तिळाची, खोबऱ्याची, डाळ्याची. प्रत्येकाला चारही हव्यात. म्हणजे प्रत्येक वडीचे चार तुकडे. दगडाने फोडली तर अर्धी मातीत. हाताने मोडत नाही. दाताने तोडली तर उष्टी, आणि उष्टं खायचं नाही हे चारही घरांत शिकवलेलं आहे.

तुला उपाय माहीत आहे. गिरगावच्या चाळीत सगळ्यांना माहीत असतो. वडी फ्रॉकच्या घेरात गुंडाळायची आणि कापडावरून दाताने तोडायची. तोंड लागत नाही, उष्टं होत नाही. हे चिमणीचे दात. तू करून दाखवतेस. कट्. वाकलेल्या तीन डोक्यांसमोर घेर उघडतेस: दोन तुकडे, स्वच्छ, कोरडे. बेबी तिळाची वडी आपल्या परकराच्या टोकात घेते. ठाकरवाडीची लुगड्याच्या तुकड्यात. तो सदऱ्याच्या टोकात, आणि त्या सदऱ्याला घोड्याचा वास आहे. तोडून तो तुकडा तळहातावर ठेवतो आणि हात तुझ्यासमोर धरतो. सरळ. वर नाही, खाली नाही.

तू उचलतेस. तुझी बोटं त्याच्या तळहाताला लागतात. खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकतेस. मग आपल्या हाताने दाण्याचा तुकडा त्याच्या हातात ठेवतेस. तो काही बोलत नाही, तूही नाही. खोबऱ्याची चिक्की मऊ असते, पटकन संपते.

मोठ्यांच्या कायद्यातली पळवाट मुलांनी शोधली, असं कोणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. मुलांना कायदा मोडायचा नव्हता. त्यांना तो पाळूनही एकत्र खायचं होतं. चिमणीचे दात कोणी शोधून काढले ते कोणाला ठाऊक नाही, पण ज्या पोराने पहिल्यांदा कापड मध्ये धरलं असेल त्याने फार मोठं काम केलं.

वाचलेला एक पैसा वाटेवरच्या दगडाखाली जातो. त्यानंतर रोज. संध्याकाळी पॉर्क्युपाइन पॉइंटवर माणसं सूर्यास्ताला जमतात, समोर प्रबळगड काळा पडत जातो, आणि तुम्ही तिघं सूर्याकडे नाही, बेबीच्या तोंडाकडे बघत असता. सूर्य टेकण्याच्या आत तिची चिक्की संपली पाहिजे. "लवकर, लवकर!" घोडेवाल्याचा मुलगा ओरडतो, "अर्धा गेला!" दाण्याची चिक्की घाईत चावता येत नाही. बेबीचे गाल फुगलेले, डोळ्यांत पाणी, आणि ती हसतेय. शेवटची लाल कड बुडते तेव्हा ती तोंड उघडून दाखवते. रिकामं. आता उद्या सकाळपर्यंत काही नाही. मग तुम्ही तिघंही खात नाही. तसं ठरलेलं नव्हतं.

निघायच्या दिवशी स्टेशनवर गर्दी आहे. ठाकरवाडीची फलाटाच्या कडेला टोपली घेऊन बसली आहे. तुला एक द्रोण देते आणि पैसे घेत नाही, मग तिची आई बघत असल्याने घेते. तो येतो, पण थांबू शकत नाही. घोड्यावर एक टोपीवाला मुलगा बसलाय, तुझ्याच वयाचा, काल आलेला. तो लगाम धरून चालता चालता ओरडतो, "दगडाखालचे माझ्याकडे आहेत! दिवाळीला हिशोब देईन!" आणि बाजाराकडे वळतो.

गाडी सुटते. तुझे वडील आणि तिचे बापूजी पुन्हा समोरासमोर. या वेळी वर्तमानपत्रांची अदलाबदल झाली आहे. मुंबईत गेल्या आठवड्यात किती उकडलं हे दोघं बोलत आहेत. तुला आता समजलंय की ती भुलेश्वरला राहते आणि तू गिरगावात, आणि मध्ये चालत पंधरा-वीस मिनिटांचं अंतर आहे. तिची शाळा गुजराती, तुझी मराठी. तिथे तुम्ही एकमेकींना कधीच दिसला नव्हता.

"माधवबागेच्या दारात," ती म्हणते. "रविवारी."

"सकाळी का संध्याकाळी?"

"सकाळी. संध्याकाळी खायला उशीर होतो."

"चिक्की कुठली?"

"तिळाची मी आणीन," ती म्हणते. "दाण्याची तू आण. आणि पैसे कोणाचेच जास्त नाही. दोघींचे सहा-सहा."

"बेबी, हात आत!" कोणीतरी म्हणतं.

तुम्ही दोघी घेता.